मिठागर बघायला निघालात? आधी पंचांग उघडा

मी पहिल्यांदा मिठागर बघायला गेलो तो ऑगस्टमध्ये. सुट्टी होती, पाऊस उघडला होता आणि पेणकडच्या एका मित्राने "कधीही ये" म्हणून सांगून ठेवलं होतं. गेलो तर समोर नुसतं तळं. बांध गवताने हिरवेगार, कडेला दोन पोरं गळ टाकून बसलेली, आणि मीठ म्हणाल तर खडासुद्धा नाही. "मीठ कुठाय रे?" असं विचारल्यावर मोठ्या पोराने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आभाळाकडे. "काका, पावसात मीठ?" एवढंच म्हणाला आणि परत गळाकडे वळला. त्या दिवशी मित्राच्या घरी जिताड्याचं कालवण जेवून आलो, म्हणून खेप अगदीच फुकट गेली असं म्हणवत नाही.

तेव्हापासून कुणी मिठागर बघायचंय म्हणालं की मी पत्ता सांगायच्या आधी तारीख विचारतो. संग्रहालयाची वेळ दारावर लिहिलेली असते, मिठागराची पंचांगात. ती एकदा जमली की बाकीचं सोपं आहे.

कुठे जायचं

आधी शब्दाचा घोळ मिटवू. ठाणे-रायगडकडे 'आगर' म्हणजे मिठाचं आगर. आगरी समाजाचं नावही त्यावरूनच आलं. पण तुम्ही रत्नागिरीच्या बाजूला उतरून "इथे आगर कुठे आहे?" असं विचारलंत, तर लोक तुम्हाला प्रेमाने नारळी-पोफळीच्या बागेत नेऊन सोडतील. माझं एकदा तसं झालं आहे. बाग सुंदर होती, शहाळंही मिळालं, पण मीठ नव्हतं. म्हणून विचारताना 'मिठागर' असाच पूर्ण शब्द वापरा.

उत्तरेकडून सुरुवात केली तर पालघर जिल्ह्याचा किनारा, मग वसई-भाईंदर, मग ठाण्याची खाडी. पश्चिम रेल्वेने भाईंदर-नायगाव पट्ट्यातून जाताना मिठाचे चौकोन गाडीच्या खिडकीतूनही दिसतात, मध्य रेल्वेवर भांडुप-मुलुंडच्या पूर्वेला तेच. नवख्या माणसाने आधी हे फुकटातलं दर्शन घ्यावं, डोळ्यांना सवय होते. मुलुंड पूर्वेचा मिठागर रोड किंवा ठाणे पूर्वेचा मीठ बंदर रोड ही नावं आपण रोज रिक्षावाल्याला सांगतो आणि त्यातलं मीठ आपल्या ध्यानातही येत नाही. खाडीपलीकडे उरण-पेणचा पट्टा. तिथली बरीच मिठागरं बंदराच्या आणि नव्या शहराच्या भरावाखाली गेली. खाली सिंधुदुर्गात वेंगुर्ले तालुक्यातलं शिरोडं, आणि पुढे गोव्यात पेडण्याचा आगरवाडा, बारदेशातलं नेरूल.

पहिल्याच खेपेला माझा कौल शिरोड्याला. तिथे मीठ, खाडी आणि इतिहास असं तिन्ही एका सकाळीत बघून होतं. मुंबईकरांना तेवढी रजा नसेल तर भाईंदर किंवा पेण.

कोणत्या महिन्यात

पावसाळा संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात बांधबंदिस्ती सुरू होते. साचलेलं गोडं पाणी बाहेर काढायचं, वाहून आलेला गाळ उपसायचा, फुटलेले बांध चिखलाने लिंपायचे. त्यानंतर वाफ्यांची जमीन तयार करतात, तुडवून, चोपून, सपाट करून. प्रत्यक्ष मीठ साधारण जानेवारीपासून दिसायला लागतं आणि मार्च ते मे ऐन भरात असतं. जूनमध्ये मृगाचा पाऊस आला की खेळ खलास.

रास आणि पांढरे ढीग बघायचे असतील तर एप्रिल गाठा. माझी स्वतःची आवड विचाराल तर डिसेंबर. मीठ नसतं, पण जमीन चोपताना बघायला मिळते. अंगणातली जमीन करताना चोपण्याने धोपटतात ना, तसंच, फक्त अंगण शेतभर मोठं. माणसं ओळीने उभी राहून ओली माती पायांनी मळतात, मग धोपटतात, सुकू देतात, पुन्हा धोपटतात. ही जमीन जितकी घट्ट तितकं पुढचं मीठ स्वच्छ, कारण मीठ ओढताना खालची माती उचलली जाता कामा नये. हंगामातलं पहिलं मीठ मळकट निघतं ते याचमुळे. जमीन बसायला वेळ लागतो.

अवकाळी पाऊस झाला असेल तर निघायच्या आधी फोन करा. एका सरीने तयार होत आलेला वाफा पातळ होतो आणि आठवडाभराची मेहनत पाण्यात जाते, अगदी शब्दशः. अशा दिवशी त्या माणसांसमोर कॅमेरा गळ्यात घालून उभं राहण्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

कोणत्या वेळी: तिथीची पाऊणपट

मिठागरात पाणी येतं ते भरतीने, आणि सगळ्याच भरत्यांना नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणाला पाणी वर चढतं, तेव्हा ते आत घेतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, ती बांधाच्या पायथ्याशीच रेंगाळून परत जाते.

भरतीची वेळ काढायला आपल्याकडे किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. तिथीचा आकडा घ्या, त्याला तीनाने गुणा, चाराने भागा, जे येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चार गुणिले तीन बारा, भागिले चार तीन, म्हणजे दुपारी तीनला (आणि पहाटे तीनच्या सुमारालाही). अष्टमीला सहा वाजता. पंचमीला पावणेचार. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच, प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. हा हिशेब मुंबई-रायगडकडे छान जुळतो. दक्षिणेकडे सिंधुदुर्ग-गोव्यात भरती थोडी आधी येते, आणि खाडीत खूप आत गेलात तर थोडी उशिरा. मोबाइलवर भरतीची कोष्टकं मिळतात, पण पाऊणपट तोंडपाठ असलेली बरी. गावात कुणाशी बोलायला सुरुवात करायची असेल तर "आज भरती किती वाजता?" यापेक्षा "आज षष्ठी, म्हणजे साडेचारला भरती, बरोबर ना?" हे जास्त उपयोगी पडतं. समोरचा लगेच खुर्ची देतो.

यातली अडचण अशी की उधाणाची भरती भर दुपारी बारा-साडेबाराला येते. पाणी आत घेताना बघायचं तर उन्हात तापायला लागणार. मीठ ओढण्याचं काम मात्र बहुधा सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर चालतं. एकाच फेरीत दोन्ही हवं असेल तर अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या दिवशी सकाळी सातला पोहोचा, नऊपर्यंत मीठ बघा, गावात कुणाच्या ओटीवर चहा-नाश्ता करा आणि बाराला परत उघाडीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, या.

सोबत काय

पाणी, भरपूर. मिठागरात चहूकडे पाणी असतं आणि प्यायला थेंब नसतो. टोपी हवीच, गॉगलही हवा. पांढऱ्या मिठावरून परत येणारं ऊन डोळ्यांत खुपतं, आणि ते खालून येत असल्यामुळे टोपी त्याला अडवत नाही. पायात रबरी चपला. चामड्याचे बूट नकोत, धातूचे बक्कल असलेले सँडल तर मुळीच नकोत, पंधरा दिवसांत गंजतील. पायाला चीर किंवा जखम असेल तर खोबरेल तेल चोपडून जा, नाहीतर खारं पाणी लागल्यावर ब्रह्मांड आठवेल. मुलं बरोबर असतील तर एक रिकामा डबा आणि एक कच्चं अंडं घ्या. अंडं चालत नसेल तर लहान बटाटा. ते कशाला, ते पुढे येईलच.

सावलीची अपेक्षा करू नका. एखादं झोपडं असतं, ते कामगारांच्या विसाव्याचं.

पोहोचल्यावर: पाण्याच्या मागून चाला

बहुतेक लोक गाडीतून उतरतात ते थेट पांढऱ्या ढिगाकडे धावतात, फोटो काढतात आणि अर्ध्या तासात परत फिरतात. तसं करू नका. ढीग शेवटी बघायचा. आधी खाडीच्या बाजूच्या टोकाला जा आणि पाणी जसं चालतं तसं त्याच्या मागोमाग चालत या.

सुरुवात उघाडीपासून. मोठ्या बांधातलं हे पाण्याचं दार. खारभूमीच्या भातशेतीलाही उघाडी असते, पण तिचं काम उलटं: शेतातलं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही. मिठागराची उघाडी खाऱ्या पाण्याला बोलावणं धाडून आत घेते. एकाच खाडीच्या काठावर शेजारी शेजारी हे दोन उद्योग चालतात. शेतकऱ्याचा बांध फुटला की शेत खारावतं, आणि मिठागराचा फुटला की मीठ गोडावतं. खारेपाटातल्या माणसाला बांधाचं इतकं का असतं, ते इथे उभं राहिल्यावर कळतं.

आत आलेलं पाणी आधी मोठ्या साठवणीच्या तळ्यात थांबतं. मातकट, गढूळ. इथे गाळ खाली बसतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सगळे क्षार मिळून साधारण ३५ ग्रॅम असतात आणि त्यातलं आपलं खायचं मीठ २७ ग्रॅमच्या आसपास. बाकीचं मॅग्नेशियमचे क्षार, जिप्सम वगैरे. मिठागरातली सगळी कला या 'वगैरे'ला बाजूला ठेवण्यात आहे.

साठवणीतून पाणी तापवायच्या वाफ्यांत जातं. या वाफ्यांना, मधल्या पाटांना, लाकडी अवजारांना गावागणिक वेगळी नावं आहेत. वहीत लिहून घ्या, दोन गावांची नावं जुळली तर तुमचं नशीब. वाफे उतरत्या पातळीवर असतात, त्यामुळे पंपाशिवाय पाणी एकातून दुसऱ्यात सरकतं. मधल्या बांधाला पायाने खाच पाडायची, हवं तितकं पाणी गेलं की चिखलाचा गोळा टाकून टाचेने दाबायचा. हा टाचेचा दाब बघण्यासारखा असतो. एका वयस्क काकांना मी हे करताना बघत होतो. डोकं दुसरीकडे वळवून ते कुणाशी तरी बोलत होते आणि पाय आपलं काम करत होता.

दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात. ऊन जितकं महत्त्वाचं तितकाच हा वारा. ढग नाहीत पण वारा पडलाय, अशा दिवशी पाणी नुसतंच गरम होतं, आटत नाही.

आता पाण्याचा रंग बघत चला. पहिल्या वाफ्यांत मातकट, मग हिरवट, पुढे तांबूस, कधीकधी चक्क गुलाबी. कुणी रंग टाकलेला नसतो. खारटपणा वाढला की साधे जीव मरतात आणि खारं पाणी सोसणारे उरतात. डुनालिएला नावाचं सूक्ष्म शेवाळ आणि मिठात राहणारे जिवाणू यांच्यामुळे तो तांबूसपणा येतो. अनुभवी माणूस रंगावरूनच सांगतो की हे पाणी अजून किती दिवसांनी पिकेल. मधल्या, कमी खारट वाफ्यांच्या काठाने शेकाट्या लांब गुलाबी पायांवर चालत किडे वेचत असतात. ठाणे खाडीच्या बाजूला असाल तर हिवाळ्यात रोहितही (फ्लेमिंगो) दिसतील. २०१५ साली तिथे रोहित अभयारण्य जाहीर झालं, आणि ऐरोलीला वनखात्याचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. कांदळवनं आणि पक्षी नीट समजून घ्यायचे तर मिठागराला जोडून तिथे एक चक्कर टाका.

शास्त्राची आवड असलेल्यांसाठी थोडे आकडे. पाण्याचा दाटपणा बोमे या अंशांत मोजतात. समुद्राचं पाणी ३ ते ३.५ अंशांचं. १३ च्या पुढे जिप्सम खाली बसायला लागतं. मीठ धरायला लागतं २५ ला. २९-३० च्या पुढे मॅग्नेशियमचे कडू क्षार मिठात उतरायला लागतात, म्हणून उरलेलं पाणी त्याआधीच काढून टाकायचं. एवढे वाफे कशासाठी, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. एकाच वाफ्यात सगळं आटवलं तर काय बिघडतं? बिघडतं असं की जिप्सम, मीठ आणि कडू क्षार एकमेकांच्या गळ्यात पडतात. वेगवेगळ्या वाफ्यांत ज्याला त्याला आपापल्या जागी उतरायला लावायचं, मिठाला शेवटच्या वाफ्यात आणि कडू पाण्याला बाहेर. समुद्राच्या दहा बादल्यांची जेमतेम एक बादली होईपर्यंत मिठाचा कण दिसत नाही.

ज्यांच्याकडे मोजायची नळी नाही ते बोटांनी मोजतात. शेवटच्या वाफ्यातलं पाणी अंगठा आणि तर्जनीत चोळा: तेलकट लागतं, बुळबुळीत. तुमचं अंडं आता काढा. परवानगी विचारून डब्यात हे पाणी घ्या आणि अंडं सोडा. घरी समुद्राच्या पाण्यात बुडलेलं ताजं अंडं इथे टुणकन वर येतं. बटाट्याचंही तेच. मुलं ही एक गोष्ट जन्मात विसरत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मोठी माणसंही चार वेळा करून बघतात.

मीठ धरतं तेव्हा

शेवटच्या वाफ्यापाशी आलात की उकिडवे बसा. उभ्याने दिसणार नाही.

पाणी चार बोटंही खोल नसतं. दुपारी वारा मंद असेल तर वरच्या पृष्ठभागावर दुधावर साय धरावी तसा पांढरा पापुद्रा दिसतो. डोळे अजून जवळ न्या. तो पापुद्रा एकसंध नाही, त्यात बारीक बारीक चौकोन आहेत. प्रत्येक चौकोन मधोमध खोलगट, पायऱ्यापायऱ्यांचा, उलट्या टांगलेल्या पिरॅमिडसारखा. कडा पाण्याच्या वर आणि टोक खाली. हे तरंगणारं मीठ आहे. कडेने वाढत वाढत जड होतं आणि एका क्षणी कलंडून तळाला जातं. बोटाने हलकेच स्पर्श केलात तरी बुडतं. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा अर्धा तास तिथून हललो नाही, शेवटी एका मावशींनी येऊन चौकशी केली, "बरं वाटत नाय काय?"

तळाशी गेलेले हे खडे एकमेकांना चिकटून थर होतो. मग लांब दांड्याच्या लाकडी फळीने ओढून वाफ्याच्या कडेला लावायचं. खर्रर्र असा ओला, जाडसर आवाज येतो, ओल्या वाळूवरून होडी ओढावी तसा. फळी जमिनीला लागू द्यायची नाही आणि मीठ मागे सोडायचं नाही, या दोन्हींच्या मधल्या केसाएवढ्या अंतरात ती चालवायची. मला एकदा चालवायला दिली. दोन ओढींत मी मीठ आणि काळी माती यांचा झकास काला केला, आणि फळी हसत हसत काढून घेण्यात आली.

ओढलेलं मीठ बांधावर निथळत ठेवतात. निथळताना त्यातलं कडू पाणीही निघून जातं, म्हणून ही घाई करायची गोष्ट नाही. मग टोपल्या भरून डोक्यावरून राशीकडे. राशीवर पूर्वी पेंढा किंवा नारळाची झापं घालत, आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचा ताव. भरलेली टोपली एकदा उचलून बघा, डोक्यावर नको, नुसती जमिनीवरून वर. तेवढं पुरे. त्यानंतर मिठाच्या भावावर घासाघीस करायची इच्छा राहत नाही.

कसं वागायचं

बहुतेक मिठागरं खाजगी किंवा भाडेपट्ट्यावरची आहेत. आत शिरायच्या आधी विचारा. कुणी नसेल तर थांबा. बांधावरून एकामागे एक चाला, कडेने नको, कड ढासळते. गाडी बांधावर घालू नका; वाळलेला दिसला तरी आतून ओला असतो.

आणि वाफ्यात पाय टाकू नका. हे मी शहाणपणाने सांगत नाही, लाजेने सांगतो. मीठ धरतानाचा फोटो जवळून घ्यावा म्हणून मी एकदा एक पाय वाफ्यात ठेवला. फक्त एक. घट्ट चोपलेल्या जमिनीवर माझ्या चपलेचा ठसा उमटला आणि भोवती काळा ढग पसरला. तिथल्या ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फळी आणली, तो गढूळ भाग हळूहळू एका कोपऱ्यात नेला, हाताने ठसा सपाट केला, वरून थापटला. दहा मिनिटं. मी बांधावर उभा राहून बघत होतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

माणसांचे फोटो विचारून काढा. ड्रोन उडवायचा बेत असेल तर घरी ठेवा, पक्षी उठतात.

इतिहास जोडायचा असेल तर

शिरोड्याला गेलात तर १९३०चा मे महिना मनात असू द्या. गांधीजी १२ मार्चला साबरमतीहून निघाले, ६ एप्रिलला दांडीला त्यांनी मीठ उचललं, आणि त्यानंतर महिन्याभराने शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. महाराष्ट्रभरातून स्वयंसेवक तिथे आले होते. मुंबईत त्याच सुमाराला वडाळ्याच्या मिठागरावर लोक झुंडीने जात होते. वाफ्याकाठी उभं राहिल्यावर एक साधी गोष्ट ध्यानात येते: इथून मूठभर मीठ उचलणं किती सोपं आहे. जे समुद्र आणि ऊन फुकट देतं त्याच्यावर कर, आणि उचललं तर गुन्हा. तो कर उठला १९४७ साली.

पण कोकणच्या मिठाचं राजकारण त्याहून जुनं. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगिजांच्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडायचं, व्यापारी तिकडे वळायचे, आणि स्वराज्यातल्या मिठाचा उठाव मंदावायचा. तेव्हा बारदेशच्या मिठावर अशी जकात बसवा की ते इथल्या मिठापेक्षा महाग पडेल, असा त्यातला हुकूम आहे. शिरोड्याहून गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर. सकाळी शिरोडं आणि दुपारी पलीकडे बारदेशात नेरूल असा फेरा मारलात, तर त्या पत्रातलं भांडण एका दिवसात दोन्ही बाजूंनी बघून होतं.

भिंतींचं, छपराचं काही बघायचं असेल तर मुंबईत गावदेवीला मणिभवन आहे, गांधीजी मुंबईत आले की उतरायचे ते घर. पालघर-डहाणूकडच्यांना दांडीही फार लांब नाही. नवसारी जिल्ह्यात दांडीला मीठ सत्याग्रहाचं मोठं स्मारक ३० जानेवारी २०१९ला खुलं झालं. वाटेत धरासणाही आहे, तिथल्या मिठागरावरही १९३०मध्येच सत्याग्रह झाला. मात्र ही ठिकाणं सत्याग्रह दाखवतात, मीठ कसं होतं ते तुम्हाला वाफ्याकाठीच कळेल. म्हणून आधी मिठागर, मग स्मारक, असा क्रम ठेवा.

मीठ विकत घेताना

घ्याच. पण कशासाठी घेताय ते ठरवून घ्या. मिठागरातल्या जाड्या मिठात आयोडीन घातलेलं नसतं, आणि थेट खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला २००६पासून देशभर बंदी आहे. बंदीवर वाद घालणारे गावोगाव भेटतात, चहाबरोबर ऐकून घ्यायला हरकत नाही. रोजच्या स्वयंपाकात मात्र आयोडीनयुक्तच राहू द्या, विशेषतः घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर.

इतर उपयोग काय कमी आहेत! बांगडे खारवायला, मडक्यातल्या आइस्क्रीमच्या बर्फात, नारळाच्या आळ्यात. झालंच तर दृष्ट काढायला, तिथे आयोडीन कुणी विचारत नाही.

खडे हातात घेऊन बघा. काळपट कण म्हणजे तळाची माती. जिभेवर ठेवल्यावर शेवटी कडवट लागलं तर ते नीट निथळलेलं नाही. आदल्या हंगामाचं, पावसाळा काढलेलं जुनं मीठ मिळालं तर ते घ्या, त्यातला कडवटपणा ओलीबरोबर बराचसा गळून गेलेला असतो.

घरी आल्यावर

चपला, छत्रीची काडी, कॅमेऱ्याचा स्टँड, सगळं गोड्या पाण्याने धुवा. दुचाकी नेली असेल तर साखळी आणि ब्रेकही.

मीठ चिनी मातीच्या बरणीत ठेवा, स्टीलच्या डब्यात नको, आणि आत चमच्याऐवजी करवंटी. जूनमध्ये बरणीच्या तळाशी पाणी साचेल. घाबरू नका, त्यात उरलेले मॅग्नेशियमचे क्षार हवेतली ओल ओढून घेतात. ते पाणी ओतून टाका.

आणि येताना बाटलीभर समुद्राचं पाणी आणलं असेल तर गाळून पसरट ताटात गच्चीवर ठेवा, वर जाळी झाका. मुंबईच्या एप्रिलमधल्या उन्हात चार-पाच दिवसांत ताट पांढरं होतं. संपूर्ण आटू देऊ नका. थोडं पाणी उरलं असतानाच ताट तिरकं करून ते एका वाटीत काढा आणि बोटाचं टोक बुडवून चाखा. कडू. आमच्याकडे शेजारच्या आजोबांनी विश्वास बसेना म्हणून चांगला चमचाभर घेतला. तसं करू नका, पोट धरून बसाल.